सव्वीस जानेवारीला मासळी बंद

मी कप्पी. झेंड्याच्या काठीच्या शेंड्याला बसते ना, जिच्यावरून दोरी वरखाली होते, ती. सलामी देताना तुम्ही सगळे वर बघता, पण झेंड्याकडे. माझ्याकडे कोण कशाला बघेल? वीतभर लाकडाचं अंग, मध्ये पितळेचं चाक आणि सदा कुरकुर. चाक वाजायला लागलं की खालून कुणीतरी म्हणतंच, हिला जरा तेल घाला रे. या वर्षी तेवढंही कुणी म्हटलं नाही. तेव्हा आता माझी कुरकुर ऐकून घ्या.

माझा जन्म वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्यांच्या वस्तीतला. आलोशियस नावाच्या कोळ्याच्या बापाने होडी बांधली, तिचं शीड चढवायला मला घडवलं. नवी होडी पाण्यात लोटायच्या दिवशी फादर आले, त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, त्यातले चार थेंब माझ्याही वाट्याला आले. काय ऐट होती माझी तेव्हा! शिडात वारा भरला की अख्खी होडी माझ्या जिवावर चालायची. निदान मला तरी तसंच वाटायचं.

मग इंजिनं आली. शीड गेलं, तशी मीही गेले. आलोशियसच्या घरामागच्या पडवीत खिळ्याला लटकले. पण त्याची बायको इनेझ कुणाला रिकामं बसू देणारी नव्हे. तिने बोंबील वाळवायची दोरी माझ्यातून ओवली. दर्यावर फिरलेली कप्पी बोंबलांच्या राबणुकीला लागली. तरी खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते. इनेझ काम करता करता माझ्याशी बोलायची. घरात दुसरं कुणी नसलं की माणसं असंच करतात.

इनेझ मासळी विकते. तिची बसायची जागा वसईतल्या एका केळीच्या वाडीच्या तोंडाशी होती, चिंचेखाली. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. पुढे वाडी विकली गेली, केळी गेल्या, चिंचही गेली आणि तिथे सिंधुछाया नावाची सोसायटी उभी राहिली. चार इमारती, भोवती भिंत आणि भिंतीचं फाटक नेमकं इनेझच्या जागेला लागून. आता लोक म्हणतात, ती कोळीण आमच्या फाटकावर बसते. अहो, ती कुठे फाटकावर बसली? फाटक येऊन तिच्याशेजारी बसलंय.

सोसायटीतली माणसं नोकरदार. कुणी मालवणकडची, कुणी रत्नागिरीची, थोडी घाटावरची, थोडी गिरगाव-परळ सोडून आलेली. बहुतेकांना मासळीशिवाय घास उतरत नाही. पहिल्या मजल्यावरच्या मनोरमाबाई तळेकर तर इनेझच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांची सून बाळंत झाली तेव्हा इनेझ रोज न चुकता मुडदुशे घेऊन यायची, ओल्या बाळंतिणीला चांगले म्हणून. त्या बाळंतपणातली नात म्हणजे संपदा. संपदाला काटे काढून मासा खायला इनेझनेच शिकवलं.

मी इथे कशी आले ते सांगते. सोसायटीची पहिली सव्वीस जानेवारी होती. कोरी करकरीत लोखंडी काठी, वर प्लास्टिकची कप्पी. पाहुण्यांनी दोरी ओढली, ती कप्पीत अडकली आणि झेंडा काही उघडेना. सगळे सावधान उभे. राष्ट्रगीत सुरू करावं की थांबावं, कुणाला कळेना. फाटकाबाहेर इनेझही उभी होती. तिने नंतर मनोरमाबाईंना सांगितलं की आमच्या घरी शिडाची कप्पी पडून आहे, ती लावा. आलोशियस मला घेऊन आला, शिडी लावून वर चढला आणि मला इथे बसवून गेला. काय द्यायचं म्हणून विचारलं तर म्हणाला, झेंड्याचं काम आहे, त्याचं काय घ्यायचं.

तेव्हापासून दरवर्षी आलोशियस यायचा. माझ्या चाकात तेल सोडायचा, पाकळ्या घालून झेंडा गुंडाळायचा आणि संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत उतरवून, घडी करून सेक्रेटरींच्या हातात द्यायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी आभारही मानले नाहीत.

इथे वर बसून मी भाषणं इतकी ऐकलीत की मलाच उभं केलं तर मी पाहुणी म्हणून चालेन. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढतो, कारण त्या दिवशी देश मोकळा झाला. सव्वीस जानेवारीला तो आधीच वर असतो, नुसता उलगडायचा. एकोणीसशे तीस साली याच तारखेला संपूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, त्याची आठवण ठेवून एकोणीसशे पन्नासला याच तारखेपासून राज्यघटना लागू केली. ती मंजूर झाली होती आधीच्या नोव्हेंबरात. म्हणून नोव्हेंबरात संविधान दिनही असतो, पण त्याला सुट्टी नसते, त्यामुळे सोसायटीत तो कुणी करत नाही. इतकं सगळं ऐकूनही दर दोन-तीन वर्षांनी एखादा पाहुणा सव्वीस जानेवारीला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देतोच. लोक टाळ्या वाजवतात. ऐकतंय कोण!

सुट्टी हाच खरा सण. सगळे घरी असतात, म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं की सोसायटीची सत्यनारायणाची पूजाही त्याच दिवशी उरकावी. मग पार्किंगमध्ये मंडप पडायला लागला. सकाळी झेंडा, मग मुलांच्या स्पर्धा, दुपारी पूजा, संध्याकाळी तीर्थप्रसाद आणि तंबोला. एकाच मांडवाच्या भाड्यात देश आणि देव दोन्ही.

आणि पूजेच्या दिवशी फाटकावर मासळी कशी चालणार? पहिल्या वर्षी मनोरमाबाई स्वतः खाली आल्या. इनेझचा हात धरून म्हणाल्या, आज पूजा आहे गं, आजच्या दिवस तेवढी नाक्यावर जाऊन बस. इनेझ हसत उठली. देवाधर्माचं तिलाही कळतं, तिच्या घरीही उपासाचे चाळीस दिवस पाळतात. दुसऱ्या वर्षी वॉचमनने सांगितलं. तिसऱ्या वर्षी फाटकाला पाटीच लागली, सव्वीस जानेवारीला मासळी बंद.

आता बघा हं. बाकी सगळं वर्ष ती तिथे बसायची. सगळ्यांना समान दर्जा देणारी घटना ज्या दिवशी लागू झाली, नेमक्या त्याच दिवशी तिला उठवायचे. आणि त्याच दिवशी तिच्या नवऱ्याने पहाटे येऊन झेंडा बांधलेला असायचा. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात आलं नाही. आलोशियसच्याही नाही. माझ्या मनात आलं, पण मी पडले कुरकुरी.

गेल्या वर्षी मात्र कडेलोट झाला.

सोसायटीत नवे लोक आले होते. त्यांची मासळी मोबाइलवरून यायची, थर्माकोलच्या डब्यात, बर्फात झोपलेली. त्यांना फाटकावरची मासळी खुपायला लागली. पाहुणे आले की पहिल्यांदा वासच येतो म्हणे. फ्लॅटचा भाव पडतो म्हणे. सेक्रेटरी हर्षवर्धन सामंत तसे वाईट नाहीत, पण त्यांना सगळ्यांशी गोड राहायचं असतं. त्यांनी इनेझला कायमचं उठवायचा विषय सभेत घेतला आणि सभा ठेवली सव्वीस जानेवारीला, झेंड्यानंतर लगेच, कारण त्या दिवशी माणसं हमखास खाली असतात. इनेझला याचा पत्ता नव्हता. मनोरमाबाईंना होता, त्या कमिटीत होत्या.

आणि त्याच मनोरमाबाई दोन दिवस आधी संपदाला घेऊन इनेझकडे आल्या. मुलांची वेशभूषा स्पर्धा होती आणि संपदाला कोळीण व्हायचं होतं. पाटी खरी हवी, म्हणाल्या, प्लास्टिकची बरी दिसत नाही. इनेझने क्षणभरही विचार केला नाही. पाटीतली मासळी टबात ओतली, नळावर पाटी घासूनपुसून दिली, वर संपदाच्या डोक्यावर चुंबळ कशी ठेवायची तेही दाखवलं. मनोरमाबाई मूग गिळून उभ्या. सांगायचं होतं तर तेव्हा सांगता आलं असतं त्यांना. मला वरून त्यांचं तोंड दिसत होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

सव्वीस तारीख उजाडली. इनेझ रीतीप्रमाणे टब घेऊन नाक्यावर गेली. आलोशियसने झेंडा बांधला. पाहुण्यांनी दोरी ओढली, मी कुठेही न अडता फिरले, पाकळ्या पडल्या. मग सगळ्यांनी माइकमागून घटनेची उद्देशिका म्हटली. "आम्ही, भारताचे लोक," पासून. दर्जाची व संधीची समानता, बंधुता, सगळं अगदी खणखणीत. कर्णा नाक्याच्या दिशेलाच लावलेला होता.

त्यानंतर वेशभूषा. संपदा आली. काष्ट्याचं हिरवं लुगडं, कपाळाला टिकली, डोक्यावर इनेझची पाटी आणि पाटीत रबरी पापलेटं. कमरेवर हात ठेवून तिने इनेझसारखीच हाक दिली आणि सगळं पार्किंग हसून हसून लोळलं. पहिलं बक्षीस तिलाच. सामंत माइकवर म्हणाले की वसईची ही कोळी संस्कृती आपली आहे, आपण ती जपली पाहिजे. पुन्हा टाळ्या. खरी कोळीण तेव्हा नाक्यावर उन्हात बसून माश्या वारत होती. सांगा, मी कुरकुरू नको तर काय करू?

टाळ्या संपल्या आणि त्याच खुर्च्यांवर सभा सुरू झाली. सामंतांनी विषय वाचला. कुणी वासाचं बोललं, कुणी मांजरांचं, कुणी पावसाळ्यातल्या घाणीचं. तिच्या बाजूने बोलायला कुणी उठलं नाही. मग ते म्हणाले, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. मघाशी सलामीला कपाळाशी गेलेले हात आता डोक्याच्याही वर गेले. मनोरमाबाईंच्या मांडीवर संपदा बसली होती, संपदाच्या मांडीवर ती पाटी. बाईंनी आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारणीचा हात वर आहे हे बघितलं. मग त्यांनीही केला.

आलोशियस काठीला टेकून तिथेच उभा होता. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वर्षानुवर्षं काठीजवळ उभा राहणारा माणूस, तो काठीसारखाच दिसायला लागला असेल त्यांना. त्याने दोरीचं टोक खालच्या कडीला नीट बांधलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मला काढून नेतो. नेलं असतं तर बरं झालं असतं. पण वर झेंडा होता, म्हणून असेल, त्याने हात लावला नाही. चपला घालून निघून गेला.

दुपारी इनेझ पाणी प्यायला फाटकाशी आली. सामंत स्वतः गेले सांगायला, त्याचं मात्र श्रेय त्यांना. आवाज अगदी मऊ ठेवला होता.

"इनेझ, आम्ही असं ठरवलंय की उद्यापासून तू इथे बसायचं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

इनेझ म्हणाली, "मगाशी माइकवर म्हनत होता, तोच का ह्यो आमी?"

सामंतांना प्रश्न कळला नाही. ते मागे वळले. मला कळला. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. आपण म्हटलं की समोरचा माणूस आत येतो, आम्ही म्हटलं की तो बाहेर राहतो. घटनेत आम्ही लिहिलं ते बरोबरच लिहिलं. सगळ्यांनी मिळून एका तोंडाने म्हणायचं, मग बाहेर उरतो कोण? पण इथे म्हणणारे भिंतीच्या आत होते आणि एक बाई भिंतीबाहेर बसून ऐकत होती.

संध्याकाळ झाली. पूजा आटोपली, प्रसादाच्या रांगा लागल्या, माइकवर तंबोल्याचे आकडे सुरू झाले. सूर्य खाली आला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला, कारण आलोशियस आला नव्हता आणि झेंड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून इनेझ आली. ती आली होती तिची पाटी न्यायला. पाटीशिवाय दुसऱ्या दिवशी ती बसणार कशी आणि कुठे? टब बाहेर रस्त्यावर ठेवला, वॉचमनला सांगितलं आणि मंडपाकडे निघाली. अर्ध्या वाटेत थांबली, वर बघितलं आणि काठीशी आली. चपला काढल्या. नवऱ्याने सकाळी बांधलेली गाठ सोडली आणि दोरी हळूहळू सोडायला लागली. मी जन्मात कधी इतकी जपून फिरले नसेन. झेंडा जमिनीला टेकू न देता तिने खांद्यावर घेतला, घडी केली आणि दोन्ही हातांवर धरून मंडपाच्या तोंडाशी गेली. आत गेली नाही.

मनोरमाबाई द्रोण घेऊन बाहेर आल्या. दोघी समोरासमोर.

"तिथे खुर्चीवर ठेव तो," मनोरमाबाई म्हणाल्या. "हात मासळीचे असतील ना तुझे. आत पूजा आहे."

"झेंडा खुर्चीवर नाय ठेवत, बाय. हातात घे."

मनोरमाबाईंनी द्रोण खाली ठेवला आणि झेंडा घेतला. पण कसा घेतला? कडेला, दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब. अहो, याच बाईने वर्षानुवर्षं इनेझच्या हातचे मासे पिशवीत घेतले, सुनेला तिचे मुडदुशे करून घातले. तेव्हा ते हात मासळीचे नव्हते काय? मला त्या क्षणी वरून खाली पडावंसं वाटलं, नेमकं कुणाच्या डोक्यात ते सांगत नाही.

इनेझने पाटी मागितली. संपदाने ती आणून दिली. पाटीला डेटॉलचा वास येत होता. घरी नेल्या नेल्या बाईंनी ती धुऊन घेतली होती. इनेझने वास घेतला, पाटी कमरेला लावली, संपदाच्या गालाला हात लावता लावता मागे घेतला आणि गेली. तिचा तो मागे घेतलेला हात मला अजून दिसतो.

पुढच्या आठवड्यात कमिटीपुढे तक्रार आली, झेंड्याला मासळीचा वास येतो. मनोरमाबाई गप्पच होत्या, पण वास येत नाही असंही म्हणाल्या नाहीत. नवा झेंडा आणायचं ठरलं. बाहेरच्या माणसाने दोरीला हात लावायचा नाही, असंही ठरलं. इनेझच्या जागेवर आता दोन कुंड्या आहेत. झाडं प्लास्टिकची आहेत, त्यांना पाणी लागत नाही.

यंदाची सव्वीस जानेवारी कालच झाली. झेंडा मंडपवाल्याच्या माणसाने बांधला. दोरी दोन-तीनदा ओढावी लागली, पण उलगडला एकदाचा. सगळ्यांनी उद्देशिका म्हटली. फाटकावरची ती मासळी बंदची पाटी आता काढून टाकली आहे. तिची गरज उरली नाही.

संध्याकाळी मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. तंबोल्याचे आकडे चालू होते, सूर्य झाडांमागे गेला. संपदाच तेवढी धावत येऊन सामंतांना म्हणाली की काका, झेंडा अजून वर आहे. सामंत म्हणाले, राहू दे गं, आता रात्रीही चालतो, नियम बदललाय. बदललाही असेल. मला नियमातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की त्यांनी नियमासाठी तो ठेवला नाही, विसरले म्हणून ठेवला. आज सकाळ झाली, लोक कामाला गेले, तरी तो तसाच आहे. एका बाजूला गुंडाळला गेलाय आणि मला सोडवता येत नाही.

लवकरच मला काढतील. बटण दाबलं की झेंडा उलगडतो अशी काठी आणायचं चाललंय. मला भंगारात टाका, चुलीत घाला, मी कुणाच्या पाया पडणार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. इनेझ आता होळीच्या बाजारात बसते म्हणे, वॉचमन सांगत होता. होळी म्हणजे शिमगा नव्हे, आमच्या वसईतलं होळी, जिथे वाड्यांची भाजी येते ते. तिकडे गेलात तर तिची मासळी घ्या नाहीतर नका घेऊ. तिला एवढा निरोप मात्र नक्की द्या, की इनेझ, झेंडा अजून कुणी खाली घेतलेला नाही.